मोजपट्टी, आकड्यांची कार्डं आणि मण्यांची दोरी: कन्कशननंतरच्या डोळे-तपासणीच्या साधनांचं परीक्षण

डोक्याला मार लागून दहा दिवस झाले, सीटी स्कॅन स्वच्छ, तक्त्यावर दोन्ही डोळे ६/६. तरी पुस्तक उघडलं की पंधरा मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं, वाचता वाचता ओळ सुटते, फळ्यावरून वहीत उतरवताना अक्षरं धूसर होतात. घरच्यांना वाटतं अभ्यास टाळायची निमित्तं आहेत, आणि डोळे तपासल्याचा कागदही त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. कागद खोटा नसतो. पण तक्त्यासमोर मूल स्थिर बसून, एका वेळी एकाच डोळ्याने, लांबचं अक्षर वाचतं. कन्कशनमध्ये, म्हणजे माराने मेंदूला बसलेल्या हादऱ्यात, बिघडतं ते दुसरंच काहीतरी: दोन्ही डोळे एकत्र आत वळवणं, जवळच्या अंतरावर फोकस धरून ठेवणं, एका शब्दावरून पुढच्या शब्दावर नेमकी उडी मारणं, मान हलत असताना नजर जागेवर ठेवणं. यातलं एकही काम सहा मीटरवरच्या तक्त्यात तपासलं जात नाही.

हे किती मुलांत होतं याचा सर्वात जास्त उद्धृत होणारा आकडा २०१६ चा आहे. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या कन्कशन विभागात ११ ते १७ वयाच्या १०० मुलामुलींची पूर्ण नेत्रतपासणी झाली. ६९ जणांत दृष्टीशी संबंधित किमान एक निदान निघालं. फोकसचे दोष ५१ टक्क्यांत, डोळे आत वळवण्याची कमजोरी म्हणजे कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी ४९ टक्क्यांत, नजरेच्या उड्यांचा म्हणजे सॅकेडचा दोष २९ टक्क्यांत. बेरीज शंभराच्या पुढे जाते, कारण अनेकांत एकाहून जास्त दोष एकत्र होते. हा आकडा वाचताना भान ठेवायचं ते एवढंच, की खास कन्कशन विभागात पोहोचणारी मुलं मुळातच जास्त त्रास असलेली असतात. मैदानावर आपटलेल्या प्रत्येक मुलाला हे प्रमाण लावू नये.

या दोषांच्या तपासणीसाठी आणि उपचारासाठी आज जे काही हाताशी आहे, त्यातलं कामाचं कोणतं आणि नुसतं दिखाऊ कोणतं, हे इथे पाहू. आमचं मत आधीच सांगतो: सर्वात स्वस्त साधन सर्वात जास्त सांगतं, फक्त ते नीट वापरलं तर.

व्हॉम्स

व्हॉम्स हे व्हेस्टिब्युलर ऑक्युलर मोटर स्क्रीनिंगचं लघुरूप, म्हणजे तोल आणि डोळ्यांच्या हालचालींची प्राथमिक चाचणी. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये ही चाचणी प्रसिद्ध केली. यंत्र काही लागत नाही. सेंटिमीटरची मोजपट्टी, १४ पॉइंटचं एक अक्षर चिकटवलेली चपटी लाकडी काडी आणि फोनमधला मेट्रोनोम (ठराविक गतीने ठोके देणारं अ‍ॅप) एवढंच सामान. सवय असलेल्या हाताला पाच ते दहा मिनिटं लागतात.

सुरुवातीला मुलाला चार गोष्टी ० ते १० मध्ये मोजायला सांगायच्या: डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि डोकं जड किंवा धुकट वाटणं. मग प्रत्येक चाचणीनंतर हेच चार आकडे पुन्हा विचारायचे. सगळं मर्म या पुनःपुन्हा विचारण्यात आहे. डोळे कसे हलले हे तपासणारा पाहतोच, पण मोजणी होते ती हालचालीने लक्षण किती भडकलं याची.

क्रम असा. काडी तीन फुटांवर धरून मध्यापासून दीड फूट उजवीकडे, दीड फूट डावीकडे हळू फिरवायची. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला दोन सेकंद, अशा दोन फेऱ्या. मग वर-खाली तसंच. त्यानंतर सॅकेड: तपासणाऱ्याची दोन बोटं दीड-दीड फूट बाजूला, आणि मुलाने मान न हलवता एका बोटावरून दुसऱ्यावर जमेल तितक्या झटकन दहा वेळा नजर न्यायची, आधी आडवी, मग उभी. पुढे कन्व्हर्जन्सची मोजणी, तिच्याबद्दल खाली सविस्तर. मग व्हेस्टिब्युलर भाग: नजर तीन फुटांवरच्या अक्षरावर खिळवून मान दोन्ही बाजूंना सुमारे २० अंश हलवायची, मेट्रोनोम मिनिटाला १८० ठोक्यांवर, प्रत्येक ठोक्याला एक बाजू, अशा दहा फेऱ्या. थांबल्यावर दहा सेकंद जाऊ द्यायचे आणि मगच आकडे विचारायचे. उभ्या दिशेत तसंच. शेवटी उभं राहून, हात सरळ पुढे, नजर अंगठ्यावर, आणि डोकं, डोळे, धड सगळं एकत्र उजवी-डावीकडे सुमारे ८० अंश वळवायचं. मिनिटाला ५० ठोके, पाच फेऱ्या. या शेवटच्या चाचणीत मागचं सगळं दृश्य सरकत राहतं. गर्दीच्या बाजारात किंवा शाळेच्या जिन्यावर ज्यांना गरगरतं, त्यांचे आकडे इथे उसळतात.

मूळ अभ्यासात ६४ कन्कशनग्रस्त आणि ७८ निरोगी खेळाडू होते, सरासरी वय चौदाच्या आसपास. कन्कशन झालेल्यांपैकी ६१ टक्क्यांना किमान एका चाचणीनंतर त्रास वाढला. कोणत्याही चाचणीनंतर लक्षणांची बेरीज २ किंवा अधिक, अथवा कन्व्हर्जन्स ५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, ही संशयाची सीमा ठरली.

चूक होते ती बहुतेक वेळा घाईने. मान हलवण्याची चाचणी १८० ठोक्यांवर करायची, हे वाचायला सोपं आहे; प्रत्यक्षात मूल १२० च्या गतीने हलवतं, तपासणारा चालवून घेतो आणि चाचणी ‘नॉर्मल’ निघते. दहा सेकंदांची विश्रांती गाळली तर उलट होतं: नुसती हालचालीची भोवळ नोंदली जाते. चष्मा असेल तर तो लावूनच सगळं करायचं. आणि सुरुवातीचे आकडे लिहून ठेवायचे, कारण आधीच डोकेदुखी ४ असलेल्या मुलाची बेरीज पहिल्या चाचणीआधीच सीमेबाहेर असते. अशा वेळी बेरजेपेक्षा वाढ पाहावी. आम्ही कागदावर दोन्ही रकाने ठेवा असंच सांगू. ज्यांना गाडी लागते किंवा मायग्रेन आहे, त्यांचे आकडे मार न लागताही वर असू शकतात, म्हणून हे दोन प्रश्न आधीच विचारून घ्यावेत.

व्हॉम्सची खरी उणीव वेगळी आहे. त्यात फोकसची चाचणीच नाही. २०१६ च्या त्या शंभर मुलांत सर्वात जास्त निघालेला दोष फोकसचाच होता, तरी तो इथे सुटतो. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला झालेल्या खेळातल्या कन्कशनवरच्या परिषदेनंतर जी नवी साधनं आली, त्यांत बाह्यरुग्ण तपासणीसाठी स्कोट-६ आहे आणि त्यात व्हॉम्सचं आटोपशीर रूप घेतलं आहे. त्यात कन्व्हर्जन्सची मोजपट्टीही वगळली गेली. वेळ वाचवायला हे ठीक, पण वाचताना त्रास होतो अशी तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मोजपट्टी न लावता सोडणं आम्हाला पटत नाही.

मोजपट्टी: एवढंसं साधन, पण चुकायला भरपूर जागा

कन्व्हर्जन्सचा निकटबिंदू म्हणजे डोळे आत वळवत वळवत जिथे साथ सोडतात ते अंतर. मूल काडीवरचं अक्षर हाताच्या अंतरावर धरतं आणि हळूहळू नाकाकडे आणतं. अक्षराची दोन अक्षरं झाली, किंवा एक डोळा बाहेर सरकताना तपासणाऱ्याला दिसला, की थांबायचं आणि काडीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत मोजायचं. अक्षर नुसतं धूसर झालं तर थांबायचं नाही. ती फोकसची गोष्ट आहे, कन्व्हर्जन्सची नाही. हा फरक मुलाला आधी समजावला नाही, तर निम्म्या नोंदी निकामी.

तीन वेळा मोजायचं. पहिल्या वेळी ४ सेंटिमीटर, दुसऱ्या वेळी ७, तिसऱ्या वेळी ११ असं वाढत गेलं तर सरासरीपेक्षा तो चढच जास्त बोलका असतो. एकदाच मोजून ‘४ सेंटिमीटर, उत्तम’ असं लिहिणाऱ्या अहवालाला म्हणूनच फारशी किंमत देऊ नये. वाचन हे दमवणारं काम आहे आणि तक्रार दमल्यावरचीच असते.

दुसरा सापळा सप्रेशनचा. काही मुलांचा मेंदू एका डोळ्याचं चित्र सरळ बंद करतो. मग दोन अक्षरं कधीच दिसत नाहीत, मूल ‘एकच दिसतंय’ म्हणत काडी नाकाला टेकवतं आणि एक डोळा मात्र केव्हाच बाहेर गेलेला असतो. म्हणून तपासणाऱ्याची नजर काडीवर नव्हे, मुलाच्या बुबुळांवर हवी. पेनच्या टोपणाने किंवा बोटाने मोजू नये. त्यावर बारीक तपशील नसतो, त्यामुळे फोकस ओढला जात नाही. मोजपट्टीचं शून्य कुठे टेकवलं, नाकाच्या शेंड्याला, भुवयांच्या मध्ये की डोळ्याच्या कोपऱ्याला, हे अहवालात लिहिलेलं असावं. दोन दवाखान्यांच्या नोंदी जुळत नाहीत, त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

फोकससाठी आरएएफ रूल नावाची ५० सेंटिमीटरची सरकत्या तक्त्याची पट्टी मिळते. गालाला टेकवायची, एक डोळा झाकायचा, बारीक अक्षरं जवळ आणत न्यायची आणि ती धूसर होऊन तशीच राहतील तिथे थांबायचं. इथे थांबण्याची खूण धूसरपणा आहे, दोन दिसणं नाही. १०० ला त्या सेंटिमीटरने भागलं की डायॉप्टर या एककात फोकसची ताकद मिळते. वयानुसार किमान किती हवी याचं जुनं सूत्र आहे: १५ उणे वयाचा पाव भाग. चौदा वर्षांच्या मुलाला १५ वजा ३.५, म्हणजे ११.५ डायॉप्टर. म्हणजे अक्षर साधारण ९ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट राहायला हवं. ते १६ सेंटिमीटरवरच विरघळलं, तर ताकद सहाच्या आसपास उरली. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाची तक्रार या मुलाला चौदाव्या वर्षी आहे, आणि शाळेत मात्र दिवसभर वही-फळा चालू.

फोकस किती लवकर बदलतो हे पाहायला अधिक-उणे २ पॉवरच्या भिंगांचा फ्लिपर वापरतात. एका मिनिटात किती फेऱ्या होतात ते मोजायचं. किशोरवयात दोन्ही डोळ्यांनी आठच्या आसपास अपेक्षित असतात. कोणत्या बाजूने अडकतं तेही लिहावं, कारण उणे भिंगावर अडकणं म्हणजे फोकस लागत नाही आणि अधिकवर अडकणं म्हणजे सुटत नाही. उपाय दोन्हींचे वेगळे.

किंग-डेविक कार्डं

१९७६ साली वाचनातल्या नजरेच्या हालचालींसाठी बनलेली ही चाचणी २०११ मध्ये मुष्टियोद्ध्यांवर आणि मिश्र मार्शल आर्टच्या खेळाडूंवर वापरली गेली आणि तिथून मैदानाच्या कडेला पोहोचली. एक नमुना कार्ड, तीन परीक्षेची कार्डं, एकूण १२० आकडे, डावीकडून उजवीकडे मोठ्याने वाचायचे. पहिल्या कार्डावर आकड्यांना जोडणाऱ्या रेषा असतात, दुसऱ्यावर त्या जातात, तिसऱ्यावर ओळीही एकमेकींच्या जवळ येतात. हंगामाआधी दोनदा वाचून घ्यायचं, बिनचूक आणि कमी वेळेचं वाचन बेसलाइन, म्हणजे पुढच्या तुलनेचा आधार, धरायचं. मार लागल्यावर त्याहून जास्त वेळ लागला किंवा चुका झाल्या तर खेळाडू बाहेर.

साधन आटोपशीर आहे, शिकायला सोपं आहे, आणि डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षकालाही वापरता येतं. म्हणून त्याची कीर्ती झाली. पण व्यावसायिक रग्बीतल्या एका मोठ्या अभ्यासात त्याची संवेदनशीलता ६० टक्के आणि विशिष्टता ३९ टक्के निघाली. सरळ सांगायचं तर दहा कन्कशनपैकी चार निसटली, आणि ज्यांना कन्कशन नव्हतं त्यांच्यातले बहुसंख्य ‘संशयित’ ठरले. एवढ्यावर कुणाला मैदानात परत पाठवणं किंवा घरी बसवणं, दोन्ही धोक्याचं.

मुलांच्या बाबतीत आणखी अडचणी आहेत. सरावाने वेळ आपोआप घटतो. बेसलाइन एकदाच घेतली असेल तर मार लागल्यानंतरचं थोडं मंदावणं या सरावाखाली झाकलं जातं. वाढत्या वयाच्या मुलाची मागच्या वर्षीची बेसलाइन यंदा जुनी झालेली असते. आकडे मराठीत वाचले की इंग्रजीत, हे नोंदवून पुढे तेच पाळावं, नाहीतर मोजलं जाईल ते भाषांतर. हुशार खेळाडू बेसलाइनच्या दिवशी मुद्दाम सावकाश वाचतात, हे तर सगळ्या प्रशिक्षकांना ठाऊक आहे. आणि वेळ वाढला तरी तो नजरेच्या उडीमुळे वाढला, लक्ष विचलित झाल्यामुळे की आकडे उच्चारायला उशीर झाल्यामुळे, हे कार्ड सांगू शकत नाही. त्यासाठी डीईएम (डेव्हलपमेंटल आय मूव्हमेंट) ही चाचणी थोडी उजवी: तिच्यात आधी उभ्या रकान्यांतले आकडे वाचून नुसत्या उच्चाराचा वेग कळतो, मग आडव्या ओळींच्या वेळेला उभ्या रकान्यांच्या वेळेने भागायचं. गुणोत्तर वर गेलं तर दोष नजरेकडे झुकतो. तिचे मापदंड मात्र ६ ते १३ वयाचे आहेत, त्यामुळे दहावी-बारावीच्या मुलांना ती लावून निष्कर्ष काढू नयेत.

आमच्या मते किंग-डेविक शाळेच्या संघाकडे असायला हरकत नाही, पण ‘बाहेर काढायला एक कारण’ एवढ्यापुरतंच. ‘आत पाठवायला परवानगी’ म्हणून कधीच नाही.

कॅमेऱ्याची यंत्रं

आयबॉक्स हे यंत्र अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलं. हनुवटी टेकवून २२० सेकंदांचा व्हिडिओ पाहायचा. चित्र पडद्याच्या कडेने फिरतं आणि कॅमेरा दोन्ही डोळे एकत्र फिरतात का ते टिपतो. वय ५ ते ६७, मार लागल्यापासून आठवड्याभरात, बेसलाइन लागत नाही. मूल खोटं बोलू शकत नाही हा मोठा फायदा. मान्यतेच्या वेळची संवेदनशीलता सुमारे ८० टक्के, विशिष्टता सुमारे ६६ टक्के. म्हणजे कन्कशन नसलेल्या तिघांतल्या एकाला हे यंत्र चुकीने बोट लावतं. निदानाला हातभार म्हणूनच ते मान्य आहे, निदान म्हणून नाही. शिवाय अहवालात एक गुण येतो आणि त्या गुणातून कन्व्हर्जन्सवर काम करायचं की फोकसवर, हे उलगडत नाही. उपचार करणाऱ्याला शेवटी मोजपट्टीच काढावी लागते.

डोळ्यातल्या बाहुलीची प्रकाशाला प्रतिक्रिया मोजणारी इन्फ्रारेड यंत्रं संशोधनात जास्त रंजक आहेत. २०२० मध्ये ९८ कन्कशनग्रस्त आणि १३४ निरोगी किशोरांची तुलना झाली. मार लागलेल्यांच्या बाहुल्या मोठ्या होत्या आणि प्रकाश पडल्यावर जास्त वेगाने आकुंचन पावत होत्या. गटागटांत फरक स्पष्ट आहे, पण समोर बसलेल्या एका मुलासाठी सीमारेषा काढणं ही वेगळी गोष्ट. खोलीतला उजेड, झोप, एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या विकाराची) औषधं, साधी सर्दीची गोळी, सगळ्यांनी बाहुली बदलते. दवाखान्याने हे यंत्र दाखवून प्रभावित केलं तर उजेड दर वेळी सारखा ठेवता का, एवढा प्रश्न विचारून पाहावा.

उपचारसेवा आणि दोरी

इथे सर्वात जास्त पैसा आणि सर्वात जास्त अतिशयोक्ती आहे. कन्कशन झालेल्या बहुतेक मुलांचे डोळे पहिल्या चार आठवड्यांत बाकी लक्षणांबरोबर आपोआप सावरतात. २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, मग हलकं चालणं, हळूहळू शाळा. पडद्याबाबतही पुरावा आहे: २०२१ च्या एका चाचणीत १२ ते २५ वयाच्या १२५ जणांपैकी ज्यांनी पहिले ४८ तास फोन-टीव्ही टाळला त्यांच्यातले निम्मे साडेतीन दिवसांत बरे झाले, ज्यांना मुभा होती त्यांच्यातले निम्मे बरे व्हायला आठ दिवस लागले. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात व्हिजन थेरपीचं, म्हणजे डोळ्यांच्या व्यायामांचं, चाळीस बैठकांचं पॅकेज पुढे करणाऱ्या केंद्रापासून लांब राहावं. सुधारणा आपोआप झाली असती, श्रेय पॅकेजला गेलं असतं.

चार आठवडे उलटूनही निकटबिंदू लांबच असेल, तर थेरपीला अर्थ आहे. ती कशी असावी याचा पाया कन्कशनबाहेरच्या अभ्यासांतून आला. २००८ मध्ये ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर बारा आठवडे चार पद्धती ताडून पाहिल्या. केंद्रात आठवड्याला एकदा तज्ज्ञासमोर आणि आठवड्यातून पाच दिवस घरी सराव, या पद्धतीत ७३ टक्के मुलं सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाकडे आणण्याच्या व्यायामात ४३ टक्के, संगणकावरच्या घरगुती व्यायामासह पेन्सिलमध्ये ३३, आणि तुलनेसाठी दिलेल्या खोट्या थेरपीत ३५. म्हणजे ‘घरी पेन्सिल करा’ एवढं सांगून पाठवणं आणि खोटी थेरपी देणं यात फारसा फरक नाही. कन्कशननंतरच्या मुलांसाठीही आता अशा नियंत्रित चाचण्या झाल्या आहेत. त्यात नेहमीच्या व्यायामांना शरीराच्या हालचालीची जोड दिलेली असते. हे बरोबरच आहे, कारण या मुलांची मान आणि तोल अनेकदा एकत्र बिघडलेले असतात. खुर्चीत बसून जमलेला व्यायाम चालताना कोसळतो.

एक दावा मात्र सरळ खोडून टाकावा. थेरपीने वाचनातलं आकलन वाढतं, मार्क वाढतात, असं जाहिरातीत असतं. ते तपासायला खास चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये आले, आणि आकलनात खोट्या थेरपीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. थेरपीने निकटबिंदू जवळ येतो. तेवढंच तिचं काम.

ब्रॉक स्ट्रिंग हे या सगळ्यातलं आमचं आवडतं साधन, कारण चूक काय होते आहे ते मुलाला स्वतःलाच दिसतं. साधारण तीन मीटरची दोरी, तीन रंगांचे मणी. एक टोक डोळ्यांच्या उंचीवर किंवा किंचित खाली दाराच्या कडीला, दुसरं टोक नाकाच्या शेंड्याला ताणून. मणी सुरुवातीला ४० सेंटिमीटर, एक मीटर आणि अडीच मीटरवर. जवळच्या मण्याकडे पाहिलं की तो एक दिसायला हवा, मागचे दोन्ही मणी दुहेरी, आणि दोरीच्या दोन दोऱ्या होऊन त्या बरोबर मण्यातच एकमेकींना छेदतात. छेद मण्याच्या मागे पडला तर डोळे पुरेसे आत वळलेले नाहीत. पुढे पडला तर गरजेपेक्षा जास्त वळले. एकच दोरी दिसली तर मेंदूने एक डोळा बंद केला आहे. अशा वेळी डोळे पटापट मिचकावून, मणी थोडा हलवून किंवा एका डोळ्यापुढे लाल काच धरून दुसरी दोरी परत आणता येते.

छेद मण्यात पाच सेकंद टिकला की पुढच्या मण्यावर नजर, मग तिसऱ्या, मग परत. ते सहज जमायला लागलं की जवळचा मणी दोन-तीन सेंटिमीटर आत. दोरी सैल असेल तर मणी डोलतो आणि मूल डोळ्यांऐवजी हाताशी झगडत बसतं. टोक उंच बांधलं तर नजर वर जाते आणि वर पाहताना डोळे आत वळवणं मुळातच अवघड. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरेत. डोकेदुखी सुरुवातीच्या आकड्यापेक्षा दोनने वाढली की थांबायचं. त्रास पूर्ण उतरायला तासाभराहून जास्त लागला, तर मणी खूप जवळ आला आहे. ‘दुखलं तरी रेटा’ हा सल्ला कुठल्याही केंद्राने दिला तर केंद्र बदलावं.

चांगल्या केंद्राची ओळख वातानुकूलित खोलीत नसते. पहिल्या दिवशी निकटबिंदू, प्रिझमने (प्रकाश वळवणाऱ्या काचेने) मोजलेली कन्व्हर्जन्सची राखीव ताकद आणि फोकस असे तिन्ही आकडे लेखी देतात का, चार आठवड्यांनी तेच आकडे त्याच पद्धतीने पुन्हा काढतात का, आणि कुठल्या आकड्यावर थेरपी बंद करणार हे आधी सांगतात का, ते पाहावं. लक्षणांची प्रश्नावली एकटी पुरत नाही. कन्व्हर्जन्ससाठी वापरली जाणारी पंधरा प्रश्नांची यादी डोकेदुखी, थकवा, लक्ष न लागणं हेही विचारते, आणि कन्कशन झालेली बहुतेक मुलं त्यात हो म्हणतात.

थेरपी सुरू करण्याआधी नेत्रतज्ज्ञाने डोळे हलवणाऱ्या मज्जातंतूचा लकवा नाही याची खात्री केलेली असावी. जिना उतरताना एकावर एक अशी दोन चित्रं दिसणं आणि मान एका बाजूला कललेली राहणं ही चौथ्या मज्जातंतूची खूण आहे. डोक्याच्या माराने तो सहज दुखावतो, आणि तिथे दोरी-मणी काही करू शकत नाहीत. दोन्ही बाहुल्या कमी-जास्त दिसणं, वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा झटका (फिट) आला तर कुठल्याही केंद्राकडे न जाता थेट आपत्कालीन विभागात.

चष्मे

वाचनाच्या चष्म्यात आतल्या बाजूला, म्हणजे नाकाकडे, पाया (जाड कड) असलेलं प्रिझम घालून कन्व्हर्जन्सचा भार हलका करतात. मुलांवरच्या २००५ च्या चाचणीत हे प्रिझम साध्या चष्म्याहून सरस ठरलं नाही. ती मुलं कन्कशनची नव्हती, तरी महागडं प्रिझम पहिलाच उपाय म्हणून घ्यायला हा निकाल अडवतो. फोकस कमजोर असेल तर कमी पॉवरचे अधिक भिंगांचे वाचनचष्मे मात्र परीक्षेच्या दिवसांत खरोखर दिलासा देतात. फोकस सावरला की ते बंद करायचे, म्हणून महाग फ्रेमवर खर्च नको.

प्रकाश सहन न होणाऱ्यांना रंगीत काचा विकल्या जातात. त्यातली गुलाबीसर छटेची एफएल-४१ ही काच मायग्रेनच्या प्रकाशत्रासासाठी वापरात आहे आणि ट्यूबलाइटखाली बसणाऱ्या विद्यार्थ्याला करून पाहण्याजोगी आहे. घरात, वर्गात गडद गॉगल लावणं हे मात्र उलटं पडतं. डोळे अंधाराला सरावतात, आणि मग साधा दिवाही बोचायला लागतो. ज्याने आधीच लावला आहे त्याने एकदम काढू नये: आधी रात्री घरात, मग दिवसा पडदे ओढलेल्या खोलीत, मग खिडकीजवळ, शेवटी वर्गात. बाहेर उन्हात टोपी आणि गॉगल दोन्ही चालतील.